पोल, पाणी आणि पाइप: तुमचे प्रश्न

मागच्या अंकात वॉटर फेड पोलबद्दल लिहिलं होतं. ज्यांनी वाचलं नाही त्यांच्यासाठी दोन ओळीत सांगतो, आपण जमिनीवर उभं राहायचं, हातात लांब पोल, पोलच्या टोकाला ब्रश, ब्रशमधून शुद्ध केलेलं पाणी येतं, त्याने काच घासायची, धुवायची, पण पुसायची नाही, तशीच वाळू द्यायची. पाण्यात क्षारच नाहीत त्यामुळे डाग पडत नाहीत. शिडी नाही, दोरी नाही. मला वाटलेलं आता सगळे पोलबद्दल विचारतील, कार्बनचा घेऊ का फायबरचा, किती फुटी घेऊ वगैरे, पण पत्रं आणि मेसेज आले ते बरेचसे पाइपबद्दलच. आणि खरं सांगू का, बरोबरच आहे. पोल एकदा घेतला की घेतला, पाइप रोज छळतो.

प्रश्न: काका, मी बाणेरला राहतो, मित्राबरोबर काचा आणि सोलर पॅनल धुवायचं काम सुरू करतोय. टेम्पोत ५०० लिटरची टाकी, १२ व्होल्टचा पंप, १०० मीटर पाइप असा सेटअप आहे. एक दुकानदार म्हणतो ६ मिमीचा बारीक पाइप घ्या, हलका आहे, ओढायला सोपा. दुसरा म्हणतो साधा अर्धा इंची गार्डन पाइप घ्या, स्वस्तात काम होईल. कुणाचं ऐकू?

उत्तर: दोघांचंही नको. ८ मिमी घे. पण मी सांगतो म्हणून घेऊ नकोस, हिशोब बघ.

आधी एक गोष्ट, मिमी म्हणजे आतला व्यास. दुकानात पुष्कळदा बाहेरचा व्यास सांगतात आणि आपण फसतो. बाहेरून १२ मिमी दिसणारा पाइप आतून ८ असू शकतो. त्यामुळे कापलेलं टोक हातात घ्यायचं, पट्टी लावायची आणि आतलं भोक मोजायचं, लाजायचं नाही.

आता बघ. एका माणसाला पोलवर काम करायला मिनिटाला साधारण २ लिटर पाणी लागतं. एवढं पाणी १०० मीटर लांब पाइपातून ढकलायचं तर ६ मिमीच्या पाइपात घर्षणातच जवळजवळ ४ बार (बार म्हणजे प्रेशर मोजायचं माप) प्रेशर खाल्लं जातं, ८ मिमीमध्ये साधारण १ बार, आणि अर्धा इंचीत, म्हणजे साडेबारा मिमीत, नाममात्र, ०.१ च्या आसपास. व्यास फक्त २ मिमीने वाढला आणि तोटा चौपटीने कमी झाला, लोकांना हे पटतच नाही कारण हातात घेतल्यावर दोन्ही पाइप सारखेच वाटतात. पाइपाचा आतला व्यास अर्धा केला तर तोटा दुप्पट नाही होत, तीसपटीच्या घरात जातो.

आणि हिशोब इथे संपत नाही ना. पोलच्या आतून जी बारीक नळी वर जाते ती साधारण ५ मिमीची असते, १५ मीटर नळी धरली तर तिथे आणखी दीडेक बार गेला. ब्रश १० मीटर उंचीवर असेल तर उंचीचा १ बार. म्हणजे ६ मिमीचा पाइप घेतलास तर ब्रशपर्यंत पोचायलाच साडेसहा बारच्या आसपास लागणार, आणि तुझा १२ व्होल्टचा पंप बहुतेक १०० पीएसआयचा असणार म्हणजे ७ बारला कट ऑफ होणारा. पंप आयुष्यभर शेवटच्या दमावर चालणार, बॅटरी जास्त खाणार, गरम होणार आणि मधेच टक टक करत बंद-चालू होणार. ८ मिमीला हाच हिशोब साडेतीनच्या आसपास येतो, पंप निवांत.

मी हे पुस्तकातून सांगत नाहीये. इंग्लंडमध्ये असताना पहिल्या वर्षी मी पण हलका म्हणून ६ मिमीचा १०० मीटर घेतला होता. पंप टक टक करायचा. मला वाटलं पंप खराब, नवीन पंप घेतला, तोही टक टक. मग वाटलं बॅटरी, ती बदलली. शेवटी शेजारच्या गल्लीत काम करणारा एक म्हातारा क्लीनर म्हणाला जरा तो पाइप काढ आणि पंपाला आखूड तुकडा लावून बघ, आणि पंप मांजरासारखा शांत. दोन महिने आणि एका पंपाचे पैसे गेले.

मग अर्धा इंची का नको, त्यात तर तोटाच नाही? तर त्यात वजन आहे. १०० मीटर अर्धा इंची पाइपात नुसतं पाणीच १२ लिटर मावतं, म्हणजे १२ किलो, वर पाइपचं स्वतःचं वजन. ८ मिमीत ५ लिटर. ६ मिमीत तीनच्या आत. दिवसभर तो पाइप सोसायटीच्या कोपऱ्या-कोपऱ्यातून, गाड्यांच्या टायरमधून, कुंड्यांवरून ओढायचाय, ते पण एका हातात पोल धरून. संध्याकाळी खांदा सांगेल. शिवाय अर्धा इंची १०० मीटर गुंडाळायचं रील तुझ्या टेम्पोत अर्धी जागा खाईल.

६ मिमी कधी चालतो ते पण सांगतो, म्हणजे दुकानदारावर अन्याय नको. ३० मीटरच्या आत काम असेल, बंगल्याचं वगैरे, तर मस्त, तोटा सव्वा बारच्या आसपास राहतो आणि हाताला लागतच नाही. पण मग १०० मीटर कशाला घेतोस.

घेतल्यावर एक टेस्ट कर. एक लिटरची बाटली आणि मोबाइलचं स्टॉपवॉच. सगळा पाइप जोडून, पोल पूर्ण वर करून नाही हां, पोल आडवा जमिनीवर ठेवून ब्रशमधलं पाणी बाटलीत घे. ३० सेकंदात भरली तर मिनिटाला २ लिटर, उत्तम. एक मिनिट लागला तर कुठेतरी गळा आवळलाय, पाइप नाहीतर फिल्टर नाहीतर जेट, म्हणजे ब्रशमधलं पाणी सोडणारं बारीक तोंड. हा आकडा कुठेतरी लिहून ठेव, सहा महिन्यांनी परत कर, काय बिघडलंय ते आपोआप कळतं.

प्रश्न: दादा, आम्ही निफाडकडचे, द्राक्षबाग आहे. शेडवर सोलर बसवलंय, धूळ लई बसते. पोल आणि ब्रश आणलाय. घरात एचटीपीचा, म्हणजे फवारणीच्या जोरदार प्रेशरच्या पंपाचा, १०० मीटर पाइप पडून आहे, तोच लावला तर चालंल का? साडेआठ मिमी आहे.

उत्तर: हा प्रश्न वाचून मला आनंदच झाला, कारण मापाच्या बाबतीत तुमचा पाइप एकदम बरोबर आहे. शहरातले लोक बाहेरून मागवतात ते ८ मिमी, आणि नाशिकच्या प्रत्येक शेतात त्याच मापाचा थर दिलेला दणकट पाइप खुंटीला लटकलेला असतो. तो फवारणीच्या प्रेशरसाठी बनवलेला आहे, तुमच्या ५-६ बारला त्याला काही होणार नाही. जरा जड आहे आणि जरा आखडू आहे, सकाळी थंडीत वळत नाही, पण शेडवर काम आहे, त्यात फार ओढाओढ नाही.

पण पडून आहे तो नको. नवीन घ्या.

त्यातून काय काय गेलंय आठवा. मोरचूद आणि चुना, म्हणजे बोर्डो, गेलाच असणार. गंधक गेलं असेल. त्याचा थर पाइपाच्या आत बसतो, तुम्ही कितीही धुवा, आठ दिवस उन्हात पडला आणि परत पाणी सोडलं की पहिली पाच मिनिटं निळसर काहीतरी येतंच. ते पॅनलवर वाळलं की पांढरे-निळे ठिपके, मग ते काढायला परत घासा. आणि दुसरी गोष्ट जास्त महत्त्वाची, कीटकनाशकं. आमचे लोक म्हणतात टीडीएस मीटर लावून बघतो, शून्य आला म्हणजे स्वच्छ. तसं नसतं दादा. टीडीएस मीटर पाण्यात विरघळलेले क्षार ओळखतो, विजेच्या वहनावरून. बरीचशी औषधं त्याला दिसतच नाहीत. शेडखाली जनावरं बांधलेली असतात, शेडवरचं पाणी टाकीत साठवता का? ते पाणी कोण पितंय? तेवढं डोक्यात घ्या आणि १०० मीटरची नवीन गुंडाळी आणा, ती फक्त पॅनलसाठी, तिला वेगळ्या रंगाची टेप गुंडाळा, नाहीतर भाऊ घाईत फवारणीला नेणारच.

आणखी एक, विचारलं नाही तरी सांगतो. भर दुपारी तापलेल्या पॅनलवर गार पाणी सोडू नका, काचेला झटका बसतो. सकाळी उजाडल्यावर लगेच, दव असतं तेव्हा, धूळ निम्मी आपोआप सुटते. आणि एचटीपीचा पंप जोडू नका बरं का, पाइप चालतो म्हणून पंपही चालेल असं नाही, तेवढ्या प्रेशरचा फवारा पॅनलवर मारायचा नसतो.

प्रश्न: आमच्या ठाण्याच्या सोसायटीत सेक्रेटरी म्हणून मी काचा धुण्याचं काम एका एजन्सीला दिलं. त्यांच्याकडे पाण्यातले क्षार काढणारी आरओ, डीआय यंत्रं सगळं आहे, टाकीवर मीटर शून्य दाखवतो, तरी काचांवर ठिपके राहतात. पाइप त्यांच्याकडे पारदर्शक आहे, आतून हिरवट दिसतो. पाइपचा दोष असू शकतो का?

उत्तर: ताई, तुम्हीच उत्तर दिलंत, हिरवट.

पारदर्शक पाइप, तो गवंडी लेव्हल बघायला वापरतात ना तसला, या कामाला एकदम चुकीचा. उजेड आत जातो, आत पाणी साचलेलं, आणि शेवाळ धरतं. नळाच्या पाण्यात थोडं क्लोरीन असतं ते शेवाळाला दाबून ठेवतं, पण शुद्धीकरणात कार्बन फिल्टर आधी क्लोरीनच काढून टाकतो, त्यामुळे आपलं हे शुद्ध पाणी शेवाळासाठी उलट जास्त सोयीचं. मग ब्रशमधून बारीक बारीक हिरवे कण येतात, जेट अर्धवट बंद होतात, एका बाजूला पाणी येतं एका बाजूला नाही, आणि माणूस वरच्या मजल्याची काच अर्धवट धुवून पुढे जातो, खालून कुठे दिसतंय त्याला.

एजन्सीला सांगा मीटर टाकीवर नाही, ब्रशच्या टोकाला लावून दाखवा. टाकीत शून्य आणि टोकाला २०-३० आला तर मधे काहीतरी मिसळतंय. टोकालाही शून्य आलं आणि तरी ठिपके आहेत तर मग एक तर शेवाळाचे कण, ते मीटरला दिसत नाहीत, नाहीतर खिडकीच्या वरच्या फ्रेममधून घाण पाणी खाली ओघळतंय, फ्रेम आधी न धुता काच धुतली की हे होतंच. रंगीत, उजेड न जाणारा पाइप वापरायला सांगा आणि काम संपल्यावर पाणी काढून ठेवायला सांगा. पिवळा चांगला. सोसायटीत मुलं पळत असतात, राखाडी फरशीवर राखाडी पाइप म्हणजे कुणाचा तरी दात जाणार.

प्रश्न: आम्ही स्लाव, इंग्लंडला असतो. आमच्या ह्यांनी आता विंडो क्लीनिंगचा छोटा राउंड, म्हणजे ठरलेल्या गिऱ्हाइकांच्या घरांचं काम, घेतलाय, व्हॅन वगैरे. हिवाळ्यात पाइप काठीसारखा कडक होतो, गुंडाळताच येत नाही, जागोजागी पीळ पडून पाणी बंद होतं. तिथले लोक वेगवेगळे पाइप सांगतात. काय घ्यावं?

उत्तर: अहो तुमचं पत्र वाचून मला बोटं बधीर झाल्यासारखी वाटली, मी पाच हिवाळे काढलेत तिकडे. जानेवारीत सकाळी साडेसातला व्हॅनचं मागचं दार उघडायचं आणि पाइप ओढायचा, तो रीलच्या आकारातच गोल गोल उभा राहतो, जमिनीवर पडतच नाही.

त्यांच्याकडे आत्ता साधा पीव्हीसी पाइप असणार. पीव्हीसी थंडीत ताठरतो, तो त्याचा गुणच आहे, कंपनी कुठलीही असो. थोडा फरक असतो, चांगल्या प्रतीचा, आत जाळी विणलेला जरा कमी ताठरतो, पण ताठरतोच. दोन रस्ते आहेत. एक म्हणजे रबर मिसळलेला नाहीतर पॉलियुरेथेनचा पाइप घ्या, तो गारठ्यात पण लवचिक राहतो, पण महाग आणि रबराचा असला तर ओल्या विटांवरून, फरशीवरून सहज घसरत नाही, कोपऱ्याला चिकटून बसतो. दुसरा रस्ता फुकटचा, रील रात्री व्हॅनमधून काढून घरात ठेवायचं. तुम्हाला हॉलमध्ये नको असेल ते, मला कल्पना आहे, आमच्याकडेही यावरून बोलणी व्हायची. पण घरात राहिलेला पीव्हीसी सकाळी दोन तास तरी माणसात असतो.

आणि नवीन पाइप आणला की लगेच रीलवर चढवू नका, उन्हाळ्यात घ्या, रस्ताभर सरळ पसरून तासभर उन्हात ठेवा, तिकडे ऊन आलं तर, नाहीतर कोमट पाणी सोडा त्यातून. कारखान्यातली गोल वळणाची सवय त्याने मोडते. मग पाणी भरलेलं असतानाच, पीळ काढत काढत गुंडाळा. ज्या दिशेने पीळ पडतो त्या दिशेने ओढत राहिलं की तो कायमचा होतो आणि मग तिथेच पाइप फुटतो.

थंडीतली अजून एक गंमत, पंपाचा कंट्रोलर असेल तर तो सकाळी पाणी चालू असताना सुद्धा डेड एंड दाखवून बंद पडतो. पाणी गार झालं की जरा जाड वाहतं, पाइप पण आकसतो, प्रेशर वाढतं आणि कंट्रोलरला वाटतं पुढे नळ बंद आहे. तो बिघाड नाही, सेटिंग परत करून घ्यायचं.

शून्याच्या खाली जाणार असं हवामानवाले म्हणाले की पाइपातलं, पोलातलं, फिल्टरमधलं पाणी रात्री काढून टाका. बर्फ झाला की आरओचं मेंब्रेन, म्हणजे पाणी गाळणारा आतला पडदा, जातं, आणि ते पाइपपेक्षा कितीतरी महाग. आणि फुटपाथवर सांडलेलं पाणी गोठलं की म्हातारी माणसं घसरतात, व्हॅनमध्ये मिठाची पिशवी हवीच. २००५ चे उंचीवरच्या कामाचे नियम आल्यापासून तिकडे शिडीवरून पोलवर बरेच लोक आले, शिडीवरून पडायचा धोका गेला हे खरंच, पण तो थोडा पाइपवर आला, लोक अडखळून पडतात. पाटी लावा, पाइप भिंतीच्या कडेकडेने न्या, आणि लोकांच्या बागेचं फाटक पाइपावर आपटून बंद होणार नाही एवढं बघा, माझा एक पाइप त्या फाटकानेच कापला.

प्रश्न: साताऱ्याला आमच्या गच्चीवर पीएम सूर्यघर योजनेतून ३ किलोवॉटचं सोलर बसवलं. गच्चीवरच पाण्याची टाकी आहे, पंप न लावता टाकीच्या पाण्यावरच पोल चालेल का? त्याला कुठला पाइप?

उत्तर: पोलने नाही चालणार. टाकी पॅनलपेक्षा दोन मीटर उंच असली तर तुम्हाला ०.२ बार प्रेशर मिळालं, बस. ते पोलच्या आतल्या ५ मिमीच्या नळीतच संपतं, ब्रशमधून लाळ गळल्यासारखं पाणी येईल. इथे तुम्ही अर्धा इंची गार्डन पाइपच घ्या, २०-३० मीटर, तोटा जवळपास नाहीच, आणि त्याने धुवा, साध्या लांब दांड्याच्या मऊ ब्रशने घासा, आणि टाकीत बोअरचं पाणी असेल तर शेवटी रबरी पट्टीने पाणी ओढून काढा. ३ किलोवॉट म्हणजे पाच-सहा पॅनल असतील, त्याला पोलची चैन कशाला. पॅनल फुटकं असेल किंवा वायर उघडी दिसत असेल तर मात्र पाणी मारू नका, आधी बसवणाऱ्याला बोलवा.

प्रश्न: छत्रपती संभाजीनगरला मी कारखान्यांच्या शेडवर हेच काम करतो. एप्रिल-मे मध्ये पाइप जोडापाशी सारखा निसटतो, क्लॅम्प कितीही आवळला तरी. काळा पाइप आहे. जोड पितळेचे.

उत्तर: काळा पाइप तुमच्याकडच्या उन्हात पत्र्यावर पडला की हात लावता येत नाही, आणि पीव्हीसी गरम झाला की मऊ पडतो. पाइपवर जे प्रेशर छापलेलं असतं ते साध्या तापमानाचं, तापल्यावर ते बरंच उतरतं. त्यात तुम्ही क्लॅम्प आवळत सुटलात तर तो मऊ पाइपात रुततो, संध्याकाळी गार झाला की तिथे खाच, दुसऱ्या दिवशी त्याच खाचेतून निसटतो. दर वेळी खाच पडलेला चार बोटं तुकडा कापून टाकायचा आणि नवीन टोकावर लावायचं, कंटाळा करायचा नाही. आणि निपल, म्हणजे जोडाचं पाइपात घुसणारं टोक, पाइपच्या मापाचीच हवी, ८ च्या पाइपात १० ची निपल गरम पाण्यात बुडवून घुसवतात आपली पोरं, ती कधीतरी निघणारच.

दुसरं म्हणजे पाणी थांबवताना बघा. ब्रशपाशी नळ बंद केला आणि पंप चालूच राहिला की पूर्ण ७ बार त्या गरम, मऊ जोडावर उभे राहतात. जेवायला बसताना पंप बंद करा, प्रेशर सोडून द्या, आणि पाइप सावलीत ओढा. पितळेचं म्हणाल तर चालून जातं, पण शुद्ध पाणी पितळेला हळूहळू खातं, वर्षाभरात जोड खडबडीत होतो आणि रबर रिंग बसत नाही, त्यापेक्षा स्टेनलेस किंवा चांगल्या प्लास्टिकचे घ्या. पुढचा पाइप घ्याल तो फिक्या रंगाचा घ्या, फक्त उजेड आरपार जाणारा नको, आणि दोन ५० मीटरचे तुकडे न जोडता १०० मीटरचा अखंडच मागा, मधला जोड शेडच्या बरोब्बर मधोमध सुटतो.